मावशीच्या हातचं

दारात एक तरुण बाई उभी होती. खांद्याशी धरलेलं तान्हं बाळ रडून रडून थकलं होतं, आता नुसतेच हुंदके देत होतं. दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत एक पिवळं झबलं.

"मावशीचं घर हेच ना?"

"हो, मीच ती. अगं, बाहेर का उभी? आत ये."

ती आत आली नाही. तिने बाळाच्या पाठीवरचं दुपटं बाजूला केलं. मानेपासून कमरेपर्यंत लाल पुरळ उठलं होतं, आणि काखेखाली जिथे झबल्याची शिवण येते तिथली कातडी सोलवटून निघाली होती.

"तुमच्या हातचं आहे म्हणून मुद्दाम हे घेतलं," झबलं पुढे करत ती म्हणाली. "बघा काय केलंय ते."

मावशीने झबलं हातात घेतलं. डोळे मिटून चाचपलं असतं तरी तिला कळलं असतं. कापड न धुता तसंच बेतलेलं, खळीने कडक. वरून चकाकी यावी म्हणून काहीतरी फासलेलं, त्याचा उग्र वास. शिवण आतल्या बाजूला, बाळाच्या अंगाला घासेल अशी. मानेशी टोचरं लेबल, आणि लेबलावर मावशीचा स्वतःचा हसरा चेहरा. चेहऱ्याखाली छापलं होतं : मावशीच्या हातचं.

"अगं, हे माझं नाही. मी हे शिवलेलं नाही."

"चेहरा तुमचाच आहे ना?"

"चेहरा माझा आहे, पण..."

"वा! विकताना मावशी, आणि लेकराच्या अंगाची आग झाली की हात वर. तुमच्यावर विश्वास ठेवला, माझंच चुकलं." तिने झबलं पिशवीसकट पायरीवर टाकलं आणि जिना उतरून निघून गेली.

मावशी कितीतरी वेळ दारातच उभी राहिली. लाज वाटत होती, आणि लाज वाटण्यासारखं आपण काहीच केलेलं नाही याचा संताप त्याहून जास्त होता.

मावशी ही काही खऱ्या अर्थाने सगळ्यांची मावशी नव्हती. प्रसूतिगृहात ती आया म्हणून लागली तेव्हा तिथल्या बाळंतिणींनी तिला मावशी म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे डॉक्टरांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. पोरं तेवढी आई म्हणायची. तान्ह्या बाळांना नवे कपडे घातले की ती किरकिरतात हे ती रोज बघत होती. मग तिने घरच्या मशीनवर स्वतःच झबली शिवायला घेतली. कापड आधी दोन-तीन पाण्यांतून काढायचं, उन्हात वाळवायचं, मगच कात्री लावायची. शिवण बाहेरून घ्यायची. दिसायला जरा उलटं दिसे, पण बाळ गप्प निजे. लेबल नाहीच, पिशवीवर शिक्का. बायकांनी बायकांना सांगितलं, आणि बघता बघता एका खोलीचा कारखाना झाला, हाताखाली चार-पाच जणी आल्या. दुकानदार विचारायला लागले, "मावशीची झबली आहेत का?" असं ते नाव पडलं. तिने कधी ठेवलं नव्हतं.

नवरा गेल्यावर सगळं तिच्या एकटीच्या अंगावर आलं. त्यातच बाजारात नकली माल आला, पिशवीवर तोच शिक्का. तेवढ्यात एका मोठ्या कंपनीचा माणूस घरी यायला लागला. चुणचुणीत, गोड बोलणारा. पहिल्याच भेटीत "मावशी, मावशी" करत स्वयंपाकघरापर्यंत आला. म्हणाला, "हे नकलीवाले तुम्हाला पुरून उरतील. आम्ही नावाची नोंदणी करतो, आमचे वकील त्यांच्या मागे लावतो. तुमच्या बायकांना आम्ही ठेवून घेतो. तुमची पद्धत तीच राहील. तुम्ही आता आराम करा."

करारनामा चांगला जाडजूड होता. मावशीने तो वाचला. कळलं नाही तिथे विचारलंही. "ते नेहमीचंच असतं हो," तो म्हणाला. मुलगाही म्हणाला, "मोठी कंपनी आहे आई, ती कशाला फसवेल?" तिने सही केली. त्या पैशांत राहतं घर झालं, हे खरंच. आणि वर्ष उलटायच्या आत कंपनीने ती कारखान्याची खोली बंद केली, हेही खरंच. बायकांना सांगितलं, दुसऱ्या शहरात या. कोण जाणार? मावशीने फोन केला तेव्हा तो गोड माणूस मीटिंगमध्ये होता. पुढेही तो कायम मीटिंगमध्येच असायचा.

झबलं पायरीवरून उचलून तिने लेबलावरचा नंबर फिरवला. पलीकडून एका मुलीचा रेकॉर्ड केलेला लाडिक आवाज आला, "मावशीच्या कुटुंबात आपलं स्वागत आहे. तक्रारीसाठी..." मावशीने फोन आपटला, साडी बदलली आणि थेट कंपनीचं ऑफिस गाठलं.

आत शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर तिचाच चेहरा होता, छतापर्यंत. फक्त त्याच्या सुरकुत्या गेल्या होत्या, केस काळेभोर झाले होते, आणि कानात नाजूक मोत्याच्या कुड्या आल्या होत्या. मावशीने जन्मात मोती घातले नव्हते.

"आपलं नाव?" काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं.

"ते काय, तुमच्या मागे लावलंय."

मुलीने मागे वळून बघितलं, मग मावशीकडे बघितलं. "ओळखपत्र आहे का?"

त्या गोड माणसाला शेवटी बाहेर यावंच लागलं. त्याने तिला काचेच्या खोलीत बसवलं, पाणी मागवलं. मावशीने झबलं टेबलावर ठेवलं आणि एकेक करून सगळं दाखवलं. तो ऐकत होता. म्हणजे मान हलवत होता.

"मावशी, तुमच्या भावना समजतात मला. पण आमचा माल नियमांत बसतो. कापड आधी धुवायचं म्हटलं तर आजच्या काळात परवडत नाही. आणि लोकांना चकाकी आवडते."

"लोक म्हणजे कोण? झबलं घालणारे की विकणारे?"

तो हसला. "हे बघा, धंदा आता वेगळ्या पातळीवर गेलाय."

"जाऊ दे की. त्यावर माझं तोंड कशाला? मी शिवते असं कशाला लिहिता?"

"ते तुम्ही आम्हाला दिलंय, मावशी." आवाज तसाच मऊ, पण आता त्यात धार होती. "नाव, चित्र, सगळं. राग मानू नका, पण स्पष्टच सांगतो. तुम्ही मावशी होता. आता मावशी आमची आहे."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, झबलं उचललं आणि तडक प्रसूतिगृहात गेली. तिथल्या बायकांच्या खोलीत उभं राहून तिने ते सगळ्यांसमोर धरलं. "हे माझं नाही. मी असलं काही शिवत नाही, शिवणारही नाही. माझा चेहरा बघून कुणी घेऊ नका. घेतलंच असेल तर आधी चांगलं धुऊन काढा, नाहीतर त्याने फरशी पुसा." कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं. मावशीला पत्ताही नव्हता. दोन-तीन दिवसांत ती फरशी पुसायची गोष्ट घराघरांत पोहोचली.

मग कंपनीच्या वकिलांची नोटीस आली. करार मोडून कंपनीची बदनामी केल्याबद्दल मावशीने जाहीर माफी मागावी, नुकसान भरून द्यावं, आणि लहान मुलांच्या कपड्यांच्या संदर्भात स्वतःला 'मावशी' म्हणवून घेणं ताबडतोब थांबवावं.

मुलगा ती वाचूनच खाली बसला. "आई, अगं घर जाईल आपलं. माग ना माफी. दोन ओळी लिहायच्या आहेत."

"काय लिहू? की लेकराच्या पाठीवर उठलं ते मला खोटंच दिसलं?"

"तू सही केलीस. सही केल्यावर गप्प बसायचं असतं."

"सही नाव विकल्याची केली होती. जीभ विकल्याची नव्हती."

"तेही लिहिलंय त्यात!" मुलगा ओरडला. त्याने करारनाम्याचं पान उघडून दाखवलं. खरंच लिहिलं होतं. कंपनीच्या मालाबद्दल कुठेही वाईट बोलायचं नाही.

सून इतका वेळ दाराशी उभी होती. ती म्हणाली, "आई, माझ्या ऑफिसमधल्या एकीच्या ओळखीत एक वकीलबाई आहेत. कंपन्यांचीच कामं करतात, नावं, ट्रेडमार्क वगैरे. विचारून तर बघू." नवऱ्याकडे बघून ती पुढे म्हणाली, "माफी काय, पुढच्या आठवड्यातही मागता येईल."

वकीलबाईंची खोली एका औषधाच्या दुकानावर होती. खुर्च्यांवरही फायली, त्यामुळे सासू-सून एकाच बाकावर दाटीने बसल्या. बाईंनी करारनामा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. मग चष्मा काढला.

"कुणी लिहून घेतलं हे?"

"त्यांच्याच वकिलाने."

"आणि तुमच्या बाजूने कोण होतं?"

"माझा मुलगा."

"तो वकील आहे?"

"तो बँकेत आहे."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "मावशी, आधी वाईट काय ते ऐका, म्हणजे उगाच आशा नको. नाव गेलं. चित्रही गेलं, आणि त्यात बदल करायचा हक्कही गेला. म्हणजे तुम्हाला मोत्याच्या काय, हिऱ्याच्या कुड्या घातल्या तरी बोलता येणार नाही. पाच वर्षं तुम्हाला या धंद्यात उतरता येणार नाही. यातलं काहीही मी परत आणून देऊ शकत नाही."

मावशीचे डोळे भरून आले, ते रागाने. "मग कायदा कशाला आहे?"

"सांगते. 'मावशी' हे नाव आहे. ते तुम्ही विकलंत. पण 'मावशीच्या हातचं' हे नाव नाही. ती ग्राहकाला दिलेली माहिती आहे, आणि ती खोटी आहे. तुमचे हात त्याला लागलेलेच नाहीत. खोटं बोलायचा हक्क तुम्ही त्यांना विकला असं ते म्हणतील. पण तो तुमच्याकडे तरी कुठे होता विकायला?"

सुनेने सासूचा हात दाबला.

"राहिलं ते तोंडाला कुलूप लावायचं कलम," वकीलबाई पुढे म्हणाल्या. "चारचौघांत बोललात ते अडचणीचं आहे. त्याचं मी बघते. पण माल तान्ह्या मुलांना बाधतो अशी खरी तक्रार सरकारी ग्राहक मंडळाकडे करायला कुठल्याही करारानं अडवता येत नाही. करूया आपण तक्रार. फक्त ज्या बाळाला त्रास झाला त्याची आई हवी, झबलं हवं आणि डॉक्टरचा दाखला हवा."

बाळाची आई त्याच प्रसूतिगृहात बाळंत झाली होती, तिथून पत्ता मिळाला. त्या बाईने दार उघडलं आणि मावशीला बघून पुन्हा लावायलाच निघाली. "सारवासारव करायला आलात?"

"नाही. तुझ्या बाळाला झालं त्याची तक्रार मी कंपनीविरुद्ध करणार आहे. तू येशील का माझ्याबरोबर?"

तिने दार धरून ठेवलं. "तुमच्यावरच? म्हणजे तुमच्याच नावाच्या मालावर?"

"हो. माझ्याच नावाच्या."

मग तिने दार पूर्ण उघडलं. बाळ बरं झालं होतं, पाठीवर थोडेसे डाग राहिले होते. ती म्हणाली, "त्या दिवशी फार बोलले मी."

"बोललीस ते बरोबरच होतं. माणूस चुकीचं होतं, एवढंच."

ग्राहक मंडळाची खोली कोंदट होती आणि पंखा आवाज करत होता. समोर अध्यक्ष, पन्नाशीच्या बाई, कपाळावर कायमची आठी. कंपनीचे वकील तिघे होते. त्यातला एकच बोलायचा, बाकीचे त्याला कागद पुरवायचे.

मंडळाने बाजारातून झबली उचलून प्रयोगशाळेत तपासून घेतली होती. चकाकीसाठी वापरलेलं रसायन तान्ह्या मुलांच्या कपड्यांत चालतं त्याहून बरंच जास्त निघालं. ती एकाच खेपेतली चूक आहे असं सांगून कंपनीच्या वकिलाने तो भाग झटपट गुंडाळला. मग तो लेबलाकडे वळला.

"महोदया, 'हातचं' हा शब्द इतका शब्दशः घेऊ नये. आपल्या भाषेत 'हातचं' म्हणजे मायेचं, आपुलकीचं. हा लाक्षणिक अर्थ आहे. लाखो झबली एक बाई शिवते असं कुठल्याही समंजस ग्राहकाला वाटणार नाही."

मावशी उठून उभी राहिली. वकीलबाईंनी पदर ओढला, पण ती बसली नाही.

"माया लाक्षणिक, आणि पुरळ मात्र खरं, होय?"

"तुमची वेळ आल्यावर बोला," कंपनीचा वकील म्हणाला.

"बोलू द्या त्यांना," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"बाई, मी लाखो शिवत नव्हते, खरं आहे. पण माझ्या कारखान्यातून एकही झबलं मी हात फिरवल्याशिवाय बाहेर गेलं नाही. त्याला मी हातचं म्हणते. यांच्याकडे कुणी हात फिरवून बघितला असता तर हे कापड टोचतं हे त्याला कळलं असतं. यांच्यातल्या एकाने तरी हे झबलं हातात घेतलंय का, विचारा. ते टेबलावर पडलंय सकाळपासून. त्यांनी फक्त कागद हाताळलेत."

अध्यक्षबाईंनी स्वतः ते झबलं उचललं, आतली शिवण बोटांनी चाचपली, आणि गालाला लावून बघितलं. मग बाळाच्या आईला पुढे बोलावलं आणि सगळं सविस्तर विचारून घेतलं.

मधल्या सुटीत बाहेरच्या पॅसेजमध्ये तो गोड माणूस आला. आज तो मीटिंगमध्ये नव्हता. "मावशी, आपण आपसांत मिटवू या. नोटीस आम्ही मागे घेतो. घराला धक्का नाही. वर तुम्हाला सन्मानाने काहीतरी देऊ. लेबलावरची ओळ आम्ही हळूहळू काढून टाकू. तुम्ही फक्त तक्रार मागे घ्यायची आणि पुढे काही बोलायचं नाही."

मुलगा त्या दिवशी रजा काढून आला होता. त्याच्या चेहऱ्यावर जरा सुटकेचा भाव आला. "आई..."

"आणि दुकानात पडलेला माल?" मावशीने विचारलं.

"तो संपेलच की थोड्या दिवसांत."

"संपेल म्हणजे? कुणाच्या तरी अंगावरच संपेल ना?"

मावशीने मुलाकडे बघितलं. मुलाने मान खाली घातली. "नाही," मावशी म्हणाली. "माल परत घ्यायचा, आणि हे मी शिवलेलं नाही असं छापून सांगायचं. हळूहळू नाही. आत्ता."

निकाल लागायला आणखी काही आठवडे गेले. 'मावशीच्या हातचं' ही ओळ काढावी, बाजारातला माल परत घ्यावा, आणि ही झबली मावशी बनवत नाही असं वर्तमानपत्रांत ठळक छापावं, असा आदेश झाला. बाळाच्या आईला औषधपाण्याचा खर्च मिळाला. कंपनीला दंडही झाला, पण तो इतका किरकोळ होता की वकीलबाईंनी वाचताना "हं" एवढंच म्हटलं. मावशीला दिलेली नोटीस कंपनीने गाजावाजा न करता मागे घेतली. घर वाचलं. नाव आणि चेहरा मात्र कंपनीकडेच राहिला.

मावशी पुन्हा प्रसूतिगृहात जायला लागली. करारामुळे धंदा करता येत नव्हता, तेव्हा तिने शिकवायला घेतलं. दुपारी तिथल्या मोकळ्या खोलीत बसायचं, आणि ज्यांना हवं त्यांना झबलं बेतायला, शिवायला दाखवायचं, फुकट. कंपनीचा एक माणूस येऊन डोकावून गेला. वकीलबाईंनी कंपनीला कळवलं की फुकट शिकवण्याला धंदा म्हणत नाहीत, आणि म्हणायचं असेल तर पुन्हा त्याच अध्यक्षबाईंसमोर भेटू. त्यानंतर कुणी डोकावलं नाही. जुन्या बायकांपैकी दोघीजणी मदतीला यायला लागल्या.

आता सगळं मिटलं असं वाटत असतानाच रस्त्यात मोठमोठे फलक लागले. तोच तरुण केलेला चेहरा, कानात तेच मोती, आणि खाली मोठ्या अक्षरांत : 'मावशीने तुमचं ऐकलं! आता आणखी मऊ.'

मावशी तशीच वकीलबाईंकडे गेली. रागाने तिला धड बोलता येईना. "मी ऐकलं? मी? माझ्याशी भांडले, मला कोर्टाची भीती घातली, आणि आता मीच चुकले आणि मीच सुधारले? हे चालतं?"

वकीलबाईंनी फलकाचा फोटो नीट बघितला. त्यांच्याही नाकपुड्या फुगल्या होत्या. "चालतं," त्या म्हणाल्या. "नाव त्यांचं आहे. 'हातचं' लिहिलेलं नाही. माल खरंच मऊ केला असेल तर खोटंही नाही. मावशी, कायद्यात लाज नावाचं कलम नाही."

"मग घाला की!"

"ते माझ्या हातात असतं तर कधीच घातलं असतं."

त्याच आठवड्यात, रविवारी सकाळी, घरचा फोन वाजला. मुलाने उचलला. तोच गोड आवाज होता, इतका मोठा की पलीकडे कापड बेतत बसलेल्या मावशीलाही ऐकू आला. लोकांना फलक फार आवडले होते. आता पुढच्या जाहिरातीत खुद्द मावशींनी यावं अशी कंपनीची इच्छा होती. सगळं विसरून, हसतमुखाने, बाळाला मांडीवर घेऊन. गाडी पाठवू म्हणाला.

मावशी कात्री टाकून उठली. तिच्या तोंडात काय काय आलं होतं ते सुनेला चेहऱ्यावरूनच कळलं. पण मुलाने हात वर करून आईला थांबवलं.

"माझी आई घरात आहे," तो फोनमध्ये म्हणाला. "पण तुमच्यासाठी नाही. तुम्हाला हवी ती मावशी तुमच्या भिंतीवर आहे, तिलाच बसवा गाडीत. आणि या नंबरवर पुन्हा फोन केलात तर मी आमच्या वकीलबाईंना सांगेन. त्या तुमची वाटच बघतायत."

त्याने फोन ठेवला. जन्मात तो कुणाला असा बोलला नव्हता.

मावशीला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण तिचा राग अजून उतरला नव्हता, आणि तो तिला इतक्यात उतरवायचाही नव्हता. ती परत खाली बसली, कापड सरळ केलं आणि म्हणाली, "ये, हे टोक धर जरा. उद्या आठजणी येणार आहेत."